पट्टा स्वच्छ

नर्सेस हॉस्टेल, परळ, मुंबई
३ जानेवारी १९९९

आदरणीय आगाशे सर,
सा. न. वि. वि.

मी नम्रता डोर्लेकर. एक्याण्णवच्या दहावीला तुमच्या वर्गात होते, खिडकीकडच्या रांगेत. तुम्ही आम्हाला विज्ञान शिकवायचात. एकदा तुम्ही सगळ्या वर्गाला वरच्या आळीतल्या तुमच्या घरी नेऊन वायरलेस दाखवला होता आणि जपानमधल्या कुणा गृहस्थांशी बोलून दाखवलं होतं. मी आता मुंबईला एका इस्पितळात नर्स आहे.

मिरकरवाडा बंदरातले सदू डोर्लेकर माझे बाबा. चौदा ऑक्टोबरच्या तुफानात बाबा आणि त्यांचा खलाशी धोंडू परत आले नाहीत. बाकीच्या लाँची सकाळी अकराच्या सुमाराला बंदरात आल्या. बाबांचं इंजिन बंद पडलं असणार असं सगळे म्हणतात. आठवड्यानं लाँच दाभोळच्या पुढे पालथी सापडली. आत काही नव्हतं. हे तुमच्या कानावर आलंच असेल.

मला तुम्हाला एक विचारायचं आहे. बाबांच्या लाँचवर वायरलेसचा छोटा संच होता. त्याची जोडी मीच घेऊन दिली होती, सत्त्याण्णवच्या दिवाळीला, ग्रँट रोडजवळच्या आत्माराम नावाच्या दुकानदाराकडून. एक लाँचवर, एक घरी आईजवळ. गेल्या गणपतीत मी घरी होते तेव्हा बाबा समुद्रातून आईशी बोलले, ते मी ऐकलंय. दुकानदार म्हणाला होता की दहा मैलांवरून सहज ऐकू येईल. त्या दिवशी आईला काहीच ऐकू आलं नाही. मी विचारलं की आई नुसती मान हलवते. घरातला संच तिनं नंतर विकून टाकला. बघवत नाही म्हणाली.

बंदरात म्हणतात की आगाशे मास्तर घरी बसून सगळ्या लाँची ऐकतात. त्या दिवशी तुम्हाला बाबांचा आवाज ऐकू आला होता का? आणि खाऱ्या हवेनं असा संच आतून बिघडतो का? मी सगळ्यात स्वस्त जोडी घेतली होती. ड्यूटीवर असताना हे डोक्यात नसतं. बाकी वेळी असतं.

आपली विद्यार्थिनी,
नम्रता


वरची आळी, रत्नागिरी
१७ जानेवारी १९९९

चि. नम्रता,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू मला आठवतेस. प्रयोगवहीत आकृत्या नीट काढायचीस.

प्रथम तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चौदा ऑक्टोबरला सकाळी मी संचावर होतो. तुझ्या वडिलांचा आवाज मला ऐकू आला नाही. हे खरं आहे.

लोक म्हणतात तसा मी लाँची ऐकत बसत नाही. माझा परवाना हौशी रेडिओचा आहे, ज्याला हॅम म्हणतात. परीक्षा देऊन, मोर्स शिकून, सरकारकडून तो घ्यावा लागतो. आम्हाला रेडिओलहरींचे ठरावीक पट्टे दिलेले असतात, आम्ही त्यांतच बोलायचं. तू घेतलास तो सिटिझन बँडचा संच. त्याचा पट्टा निराळा, आमच्या दहा मीटरच्या पट्ट्याला जवळजवळ चिकटून, पण खालच्या अंगाला. त्यालाही परवाना लागतो, फक्त परीक्षा लागत नाही.

दुसरा प्रश्न. हो, क्षार धातू खातो. बॅटरीच्या पट्ट्या गंजतात, अँटेनाचा सांधा सुटतो. लाटेत संच भिजला तर तत्क्षणी बंद पडतो. उंच लाटांत दहा मैल हा आकडा कागदावरचाच समजावा. कारणं पुष्कळ असू शकतात. तू स्वतःला दोष देऊ नयेस. महाग संच घेतला असतास तरी वेगळं झालं असतं असं म्हणता येत नाही.

सध्या एकंदर या क्षेत्रात बरंच काही बदलत आहे. येत्या फेब्रुवारीपासून मोठ्या जहाजांवरचं मोर्स बंद होतं आहे. तिथले रेडिओ ऑफिसर घरी बसतील आणि उपग्रहावरून आपोआप निरोप जातील. मी अजून स्वतः जोडलेला व्हॉल्व्हचा संच वापरतो.

आईला जप. तुझा धाकटा भाऊ रितेश शाळेत जात असेल.

शुभचिंतक,
गो. वि. आगाशे


परळ, मुंबई
९ मार्च १९९९

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी चार-पाच वेळा वाचलं. पहिल्यांदा कुणीतरी मला नीट काहीतरी सांगितलं. बाकी सगळे म्हणतात, त्याची वेळ भरली होती.

रितेशनं शाळा सोडली. मामाच्या लाँचवर जातो. मी रागावले, पण पैशांचं कारण नाही म्हणाला, वर्गात बसवत नाही म्हणाला.

मी आत्मारामांच्या दुकानात गेले होते. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. म्हातारे आहेत, डोळ्याला भिंग लावून काम करतात. मी सांगितलं की तुमच्या संचानं माझे बाबा गेले. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. मग म्हणाले, बाई, मी दोन्ही संच तुमच्यासमोर चालवून दाखवले होते. ते खरं आहे. पण तुम्ही लिहिलंत तसं सांधा सुटत असेल, पट्ट्या गंजत असतील, तर समुद्रावर न्यायचा म्हटल्यावर त्यांनी ते सांगायला हवं होतं. मी त्यांना तसं म्हणाले.

आमच्या वॉर्डातल्या एका पेशंटचे भाऊ वकील आहेत. ते म्हणतात ग्राहक मंचात तक्रार करता येईल आणि पोलिसांतही, कारण असे संच विकायलाच परवानगी लागते. दुकान बंद होईल. फक्त कुणा जाणकाराचं पत्र हवं की असे संच खाऱ्या हवेत निकामी होतात. तुम्ही मला लिहिलंत तेच दोन ओळींत एका कागदावर सही करून पाठवाल का? मला भरपाई नको. कुणीतरी म्हणायला हवं की चूक झाली.

तुमची,
नम्रता


रत्नागिरी
२ एप्रिल १९९९

चि. नम्रता,
आशीर्वाद.

असं पत्र मी देऊ शकत नाही. तू तक्रार करू नकोस. आत्मारामांचा यात काही दोष नाही. संच चांगला होता. मी हे खात्रीनं सांगतो. कशावरून, ते कृपया विचारू नकोस.

गो. वि. आगाशे


परळ, मुंबई
२० एप्रिल १९९९

सर,

जानेवारीत तुम्ही लिहिलंत की कारणं पुष्कळ असू शकतात. आता लिहिता की संच चांगला होता. बाबांचा संच तुम्ही कधी पाहिलात?

परवा दोन दिवसांची रजा काढून घरी जाऊन आले. आईला समोर बसवून विचारलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, मास्तरांना विचार.

म्हणून विचारते आहे.

नम्रता


रत्नागिरी
११ जून १९९९

नम्रता,

तुझ्या पत्राला सात आठवडे झाले. सहा वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. हे सातवं आहे, ते कसंही झालं तरी टाकणार आहे.

चौदा ऑक्टोबरला तुझ्या वडिलांच्या लाँचवर संच नव्हता. तुमच्या घरीही नव्हता. दोन्ही संच सोळा सप्टेंबरला सरकारी माणसांनी जप्त केले होते. ते माझ्या तक्रारीवरून आले होते.

झालं ते क्रमानं लिहितो.

सत्त्याण्णवच्या अखेरीस सूर्यावरचे डाग वाढू लागले. अकरा वर्षांनी एकदा असं होतं, तेव्हा आमचा दहा मीटरचा पट्टा जागा होतो. एरवी तो मेल्यासारखा असतो. चार वॅटवर फिनलंड मिळतं, ब्राझील मिळतं. मी या दिवसांची निवृत्तीच्या आधीपासून वाट पाहत होतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत सकाळच्या वेळी पट्ट्यावर मराठी बोलणं यायला लागलं. बर्फ किती भरला, बांगडा कुठे लागला, असलं. बंदरातल्या तिघा-चौघांनी आपल्या संचातली एक तार तोडली होती. ती तोडली की संच आपला पट्टा सोडून वर सरकतो. जाळं कुठे टाकलंय ते बाकीच्या लाँचींना कळू नये म्हणून त्यांनी तसं केलं. दुकानदारानं नव्हे. तुझे वडील त्यांतले एक होते.

मी आवाज ओळखला नव्हता. पण एकदा ते म्हणाले, "तुळशे, नमूचा कागद आला काय गो?" घरून उत्तर आलं की आला, पुढल्या महिन्यात परीक्षा आहे म्हणते. तेव्हा मला कळलं की हे कोण. हे ऐकलेलं दुसऱ्याला सांगणं माझ्या परवान्यात बसत नाही. तरी सांगतो. त्यांचा आवाज ऐकला का, असं तू विचारलं होतंस. ऐकला होता. डिसेंबरपासून मेपर्यंत, जवळजवळ रोज. ते तुझ्याबद्दल पुष्कळदा विचारायचे.

मे महिन्यात मी दिल्लीला तक्रार लिहिली. लाँचचं नाव, वेळा, सगळं लिहिलं. बंदरात जाऊन त्यांना समजावून सांगता आलं असतं. घरापासून वीस मिनिटांची वाट आहे. मी गेलो नाही. बेकायदा वापर करणाऱ्याशी आपण बोलायचं नसतं, नोंद करून कळवायचं असतं, असं आमच्या पुस्तकात आहे. मी तसं केलं आणि मला बरं वाटलं.

आता दुसरी गोष्ट. जप्तीनंतर चार दिवसांनी तुझे वडील माझ्याकडे आले. सोबत चार शहाळी आणली होती. म्हणाले की संच गेला, परवाना काढायचा आहे, अर्ज इंग्रजीत आहे, भरून द्याल काय. मी भरून दिला. उत्तर चुकू नये म्हणून पत्ता माझा घातला. तासभर ते माझ्यासमोर बसले होते. तक्रार मी केली हे मी त्यांना सांगितलं नाही. निघताना ते पायरीवर थांबले.

"मास्तर, पण तवर काय करू?"

"तोपर्यंत वापरायचा नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलवली. नंतर मला कळलं की बंदरातल्या ज्या बाकीच्यांचे संच गेले होते त्यांनी आठवड्याच्या आत दुसरे आणले. तुझ्या वडिलांनी आणला नाही.

चौदा ऑक्टोबरला सकाळी दहा चाळीस ते सव्वाबारा मी दहा मीटरवर होतो. आम्हाला रोजची नोंदवही ठेवावी लागते. त्या दिवसाच्या ओळीत मी लिहिलंय, 'पट्टा स्वच्छ,' म्हणजे मध्ये कुणाचं परकं बोलणं आलं नाही. वारा वाढला म्हणून मी अँटेना उतरवली आणि जेवायला बसलो.

बातमी दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं सांगितली. मला रडू आलं नाही. मी एक बिघडलेला ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करत होतो, तो पूर्ण केला. तेव्हापासून तसंच आहे. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाही तुझं सांत्वन करताना मला काही झालं नाही, ओळी सरळ आल्या. तू स्वतःला दोष देत होतीस आणि मी तुला क्षाराबद्दल लिहीत होतो. तू दुकानदाराकडे जाशील हे माझ्या ध्यानात आलं नाही. यायला हवं होतं.

आत्मारामांना जाऊन भेट. एवढं कर.

आगाशे


रत्नागिरी
२६ मार्च २००१

नम्रता,

पावणेदोन वर्षांत तुझं उत्तर आलं नाही, ते योग्यच आहे. या पत्राचंही नको. हे फक्त सोबतच्या कागदासाठी.

परवा दिल्लीहून तुझ्या वडिलांच्या अर्जाला उत्तर आलं. पत्ता माझा दिला होता म्हणून माझ्याकडे आलं. 'अर्ज विचाराधीन आहे. अर्जदाराने संच खरेदीची पावती तीस दिवसांत सादर करावी.' एवढंच आहे. मी ते ठेवून घेणं बरोबर नाही आणि फाडणंही नाही, म्हणून पाठवतो.

जानेवारीत भूकंप झाला तेव्हा आमच्यातले काही जण संच घेऊन कच्छला गेले. तिथले टेलिफोन बंद होते, हे लोक तंबूत बसून गावोगावची नावं सांगत होते. कोण जिवंत, कोण इस्पितळात. मला दोघांनी फोन केले. मी गेलो नाही. माझा परवाना डिसेंबरअखेर संपला, तो मी वाढवला नाही. आता मी फक्त ऐकू शकतो, बोलू शकत नाही. प्रकृतीचं कारण सांगितलं. प्रकृती चांगली आहे.

आगाशे


परळ, मुंबई
५ एप्रिल २००१

सर,

कागद मिळाला. आत्मारामांना मी तेव्हाच भेटले होते. त्यांनी चहा मागवला.

पुन्हा लिहू नका.

नम्रता


रत्नागिरी
१२ सप्टेंबर २००५

नम्रता,

तू लिहू नको म्हणाली होतीस. साडेचार वर्षं पाळलं. तुझा नवा पत्ता बंदरात तुझ्या मामांकडून घेतला. त्यांनी कारण विचारलं नाही.

गेल्या महिन्यात सरकारनं नियम काढला आहे. तू घेतले होतेस त्या पट्ट्यातल्या छोट्या संचाला आता परवाना लागत नाही. पाच वॅटपर्यंत, अँटेना संचातच असलेली, एवढीच अट. अर्ज नाही, पावती नाही, पोलिसांचा दाखला नाही. कुणीही दुकानातून घ्यावा आणि बोलावं. दुसऱ्या कुणाकडून तुला हे कळू नये असं वाटलं. ते का वाटलं, ते नीट सांगता येणार नाही.

मी राजपत्राची प्रत मागवून वाचली. अर्ध्या पानाचा मजकूर आहे. मी तो दोनदा वाचला, मग विळीवर खोबरं खवत बसलो.

आमच्याकडेही पुष्कळ बदललं. पुस्तकाएवढे जपानी संच मिळतात, स्वतःच पट्टा शोधतात, स्वतःच जुळवून घेतात. परीक्षेतली मोर्सची अट सैल व्हायची चिन्हं आहेत. पुण्याची मुलं संगणकावरून बोलतात आणि आमच्यासारख्यांना म्हातारे म्हणतात, प्रेमानंच. सूर्यावरचे डाग पुन्हा उतरणीला लागलेत. दहा मीटरवर दिवस दिवस काहीही नसतं. ज्यासाठी मी तक्रार केली तो पट्टा आज मी लावून पाहिला. नुसती खरखर होती.

नियम आल्यावर मी मुंबईहून सिटिझन बँडची एक जोडी मागवली. रितेश आता स्वतः तांडेल आहे, लाँच चालवतो, असं कळलं. ती त्याला देता येईल का? तू नाही म्हणालीस तर नाही. पोस्टानं परत पाठवीन.

आगाशे


डोंबिवली
३० ऑक्टोबर २००५

आगाशे सर,

पत्र मिळून दीड महिना झाला. जुलैतल्या पुरात आमच्या तळमजल्यात छातीभर पाणी होतं, अजून भिंती ओल्या आहेत. मुलगी लहान आहे. आई सध्या माझ्याकडेच असते.

तुमचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. सगळीच दाखवली, जुनीसुद्धा. एवढ्या वर्षांत ती मी तिला दाखवली नव्हती आणि तिनंही विचारलं नव्हतं. एकोणीसशे नव्याण्णवचं ऐकताना तिनं मला मध्येच थांबवलं.

ती म्हणाली, त्यांना ठाऊक होतं.

संच न्यायला आले त्या साहेबांच्या हातात तुमचा कागद होता. तो त्यांनी बाबांपुढे धरला, वाचून घे म्हणाले. बाबांना इंग्रजी कुठलं येणार. पण खालची सही त्यांना ओळखू आली. माझ्या प्रगतिपुस्तकावर तीन वर्षं तुमचीच सही होती आणि शेजारी बाबा आपली सही करायचे. घरी येऊन त्यांनी आईला सांगितलं, मास्तरांनी केलंय. नमूला कळवू नको, पोरीनं हौसेनं घेतलेत.

मग चार दिवसांनी शहाळी घेऊन निघाले, तेव्हा आई भांडली. त्याच्याच दारात कशाला जाता म्हणाली. बाबा म्हणाले, "दुसरं कोण हाय? त्यालाच ठाऊक हाय कागद कसा भरायचा."

म्हणजे तुमच्यासमोर तासभर ते बसले ते माहीत असूनच. तुम्ही बोलला नाहीत, तेही बोलले नाहीत. दोघांतलं कुणी एक बोललं असतं तर काय झालं असतं, असा विचार मी काही दिवस केला. मग सोडला.

तुम्हाला वाटत असेल की मी इतकी वर्षं रागात होते. तसं नाही. मी राग शोधत होते. वॉर्डात कधी कधी जखमेवर दाबलं तरी पेशंटला काही कळत नाही, आम्ही विचारतो इथे कळतंय का, इथे कळतंय का. तसं मी स्वतःला विचारून पाहिलं. तुमचं नाव घेतलं की काही होत नाही. माफ करावं असंही वाटत नाही. माफ करण्यासाठी आधी काहीतरी वाटायला लागत असावं.

आईला मात्र वाटतं. तिनं एकच निरोप सांगितलाय, तो तसाच लिहिते. "त्यांनी वापरायचा नाही म्हटलं आणि ह्यांनी वापरला नाही. दोघं सारखेच. आता पुरे म्हणावं."

रितेशला सगळं माहीत आहे. मीच सांगितलं. दिवाळी झाल्यावर कुठल्यातरी दुपारी तुमच्याकडे येईल. जोडी घ्यायची की नाही ते त्याचं तो ठरवील.

नम्रता


रत्नागिरी
२८ नोव्हेंबर २००५

नम्रता,

तुझ्या आईचा निरोप पोचला. तुझ्या वडिलांना ठाऊक होतं हे वाचल्यावर मी ओटीवर जाऊन ते बसले होते ती जागा पाहिली. तिथे आता पोस्टातून आलेली मासिकं असतात. मी ती उचलली, दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती म्हणून परत तिथेच ठेवली.

रितेश एकवीस तारखेला आला. उंच आहे. पायरीवर चपला काढून आत आला आणि मी सांगायच्या आत खाली बसला. मी जोडी समोर ठेवली. चालवून दाखवली, बॅटरी कशी बदलायची, भिजू नये म्हणून पिशवी कशी बांधायची ते सांगितलं. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की सर, हा घेऊन मी काय करू. किनाऱ्याजवळ मोबाइल लागतो, सगळ्या लाँचींवर दोन दोन मोबाइल असतात. लांब गेलं की मोठ्या लाँचवर व्हीएचएफ वायरलेस असतो, आम्ही त्यांच्या आसपासच राहतो. हा आता कुणी वापरत नाही. तो हे मला दुखवायला म्हणाला नाही. खरं तेच सांगितलं.

मी बरं म्हटलं. जोडी खोक्यात घातली.

नंतर चहा झाला. गच्चीवर बघायला आला तेव्हा त्यानं अँटेनाचा खांब हलवून पाहिला. तळाशी गंजलाय, वाऱ्यात शेजाऱ्यांच्या कौलांवर पडेल म्हणाला. त्यानं आणि मी मिळून तो उतरवला. दोन तास लागले. पस्तीस वर्षं तो तिथे होता. तारा त्यानं लाँचीवरचा दोर गुंडाळतात तशा गुंडाळून दिल्या.

जाताना तो पायरीवर थांबला. मला वाटलं आता विचारील. मी तयार होतो, काय तयार होतो ते ठाऊक नाही. त्यानं विचारलं की तुम्ही रोज रेडिओ ऐकता ना? मी म्हटलं, ऐकण्याला परवाना लागत नाही, सगळ्या बातम्या ऐकतो, दिवसातून चार वेळा. तो म्हणाला की आम्हाला पहाटे घाईत ऐकायचं राहून जातं. वाऱ्याचा इशारा असला तर मला फोन करत जा. आणि माझ्या डायरीच्या कव्हरवर त्यानं आपला नंबर लिहिला. आकडे मोठे काढले, माझ्या चष्म्याकडे बघून.

परवा शनिवारी सकाळच्या बातम्यांत होतं की रत्नागिरी ते हर्णै वारा वाढेल, मच्छीमारांनी जाऊ नये. मी नंबर फिरवला. बराच वेळ वाजला. मी उभाच होतो. मग त्यानं उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"सर, आम्ही आज निघालोच नाही," तो म्हणाला.

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

आगाशे